भिंतीच्या पोटातले सात रंग

विम्याची सर्व्हेअर येणार म्हणून रंगाऱ्यानं भिंतीची भेग बुजवली, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

शेजारच्या प्लॉटवर मोठ्या इमारतीचा पाया खणत होते. यंत्राचे दणके सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याच्या घराची त्या अंगाची भिंत छतापासून जमिनीपर्यंत उकलली. कंत्राटदार म्हणाला, भेग जुनीच आहे. विमा कंपनीनं कळवलं, जुनी झीज पॉलिसीत बसत नाही. आमचं माणूस येऊन ठरवील. विमा मिळाला तर भिंतीला आधार बांधता येणार होता. नाही मिळाला तर तीस वर्षांचं घर सोडायचं.

आणि रंगाऱ्यानं काय करावं? आल्या माणसासमोर फाटकी भिंत कशी दाखवायची, म्हणून आदल्या दिवशी पुट्टी भरली, घासली, वरून पुन्हा तोच पोपटी रंग दिला.

"काका, भेग कुठाय?" सर्व्हेअरनं विचारलं. पोरगी तिशीची, बूट धुळीनं पांढरे.

"इथंच होती." पण बोट कुठं ठेवावं ते त्यालाच कळेना.

"घ्या," बायको म्हणाली. "जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, पण इतकं चोख काम ह्यांना कालच सुचायचं होतं. आता भेगेच्या आईलासुद्धा सापडायची नाही ती."

"अगं, पण..."

"निदान एक फोटो काढायचा."

"भेगेचा फोटो कोण काढतं?"

सर्व्हेअर हसली नाही. "काकू, मला दिसत नाही ते मी लिहू शकत नाही." तिनं भिंतीवरून तळवा फिरवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा, सावकाश. एका जागी हात थांबला. "इथं ओल आहे अजून. गोल तुकडा कापून काढू?"

रंगाऱ्यानं बायकोकडे पाहिलं.

"काढा," ती म्हणाली. "ह्यांनी झाकलंय, तुम्ही उघडा."

ड्रिल घरघरलं. लहान वाटीएवढा तुकडा बाहेर आला. सर्व्हेअरनं तो पाण्यानं पुसला, खिडकीच्या उजेडात आडवा धरला आणि भिंग रंगाऱ्याच्या हाती दिलं.

खाली विटेचा लाल, वर गिलाव्याचा राखी. आणि मग केसाहून बारीक रेघा, एकीच्या अंगावर एक निजलेल्या. पांढऱ्यावर आकाशी, आकाशीवर बदामी, बदामीवर गुलाबी, मग जांभळा, मग मोतिया, मग पोपटी. कुणी कुणाला पुसलं नव्हतं.

बायको त्याच्या खांद्यावरून वाकली. तिचा आवाज उतरला. "हा आकाशी, मी ह्या घरात आले तेव्हाचा. गुलाबी, लेक झाली तेव्हाचा."

"आणि जांभळा?" सर्व्हेअरनं विचारलं.

"गिऱ्हाइकाकडचा उरलेला डबा. दोन वर्षं वांग्याच्या पोटात राहिलो आम्ही."

"टिकला ना पण," रंगारी पुटपुटला.

सर्व्हेअरनं पेन्सिलीचं टोक तुकड्यावर ठेवलं. "आता भेग बघा. कालचा वरचा हात सोडला तर सातही रंग कापत गेलीय. जुनी असती तर नंतरचा रंग तिच्यात ओघळला असता. एक थेंब नाही आत, नुसती तुमची कालची पुट्टी. पॉलिसी देताना आमच्याच माणसानं काढलेल्या फोटोत भिंत पोपटी आहे आणि अखंड आहे. म्हणजे भेग त्याच्या नंतरची."

"म्हणजे?"

"ताजी हानी. तसंच लिहिते मी, आधाराचं काम मंजूर होईल. कंत्राटदाराकडून काय वसूल करायचं ते कंपनी बघेल. तुम्ही फक्त आता ह्या भिंतीला ब्रश लावू नका."

"मी बसवते ह्यांना हात बांधून," बायको म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. पदरानं तोंड पुसलं, डोळेही.

रंगारी भिंग सोडेना. तो तुकडा घेऊन दारात गेला, तिथं उजेड जास्त होता. बराच वेळ पाहत राहिला.

"हे सगळं आतच होतं," तो म्हणाला. "आणि मला वाटायचं, नवा दिला की आधीचा जातो."