देवदूताचं वाक्य आणि कबरेची फरशी

मित्रांनो, मी शरणपूर रोडवरच्या एका घरातलं जुनं बायबल आहे. मंगलाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला भेट म्हणून दिलं. तेव्हा रोज संध्याकाळी प्रार्थनेला मला उघडत. नवरा रविराज वाचायचा, मंगलाबाई भाजी निवडत ऐकायच्या. पुढे मला विणलेलं कव्हर आणि टीव्हीशेजारी जागा मिळाली, आणि वाचणं थांबलं. मान मात्र फार आहे. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवत नाही. माझ्या आत लाईटबिल ठेवतात.

मग माझ्यावर एक कादंबरी येऊन बसली. चर्चच्या भगिनी मंडळातल्या लताबाईंनी ती दिली होती. तिच्यातला देवदूत पानोपानी बोलतो. माझ्यातले देवदूत भिऊ नका म्हणतात, कामाचं सांगतात आणि जातात.

गेल्या उन्हाळ्यात रविराज वारला. दफनाच्या दिवशी लताबाई मंगलाबाईंना म्हणाल्या, "रडायचं नाही, मंगला. विश्वासणारा रडत नाही. शास्त्रच सांगतं."

शास्त्र म्हणजे मी. मी हातभर अंतरावर होतो आणि माझ्यात असं काहीही नाही. ते वाक्य कादंबरीतल्या देवदूताचं. पण मिटलेल्या पुस्तकाला विचारतो कोण?

मंगलाबाई रडल्या नाहीत. नाताळ आला तरी नाहीत. जेवण सुटलं, बोलणं तुटलं. मंडळात मात्र त्यांच्या विश्वासाचं उदाहरण देऊ लागले.

कबरेच्या फरशीवरही तेच वाक्य कोरायचं ठरलं. फरशीवाल्या नाथाचा मंगलाबाईंना फोन आला. "ताई, वचन लय भारी हे. पण खाली अध्याय-ओवी कोणती टाकू? तुमच्या सगळ्याच फरश्यांवर असती."

"स्तोत्रांत असेल," शेजारी बसलेल्या लताबाई म्हणाल्या.

मुलीने, ललिताने, मला खाली काढलं. लाईटबिल पडलं. स्तोत्रं झाली, नीतिसूत्रे झाली.

"ईयोबात बघ," लताबाईंनी सुचवलं.

"मावशी, ईयोब तर सुरुवातीपासून रडतोच आहे."

उलटता उलटता योहानाच्या शुभवर्तमानात, येशूचा मित्र लाजर याच्या कबरेपाशी, ललिताचं बोट थांबलं. "मम्मी, इथे तर येशूच रडलाय."

"पण देवदूत इतका स्पष्ट बोललाय!" लताबाईंनी कादंबरी उघडून दाखवली.

"लताबाई," मंगलाबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या देवदूताला नवरा होता का?"

आणि मग त्या रडल्या. मला मांडीवर घेऊन, मोठ्याने. लताबाई पाणी आणायला उठल्या आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिल्या.

फरशीवर आता नावाखाली योहानातली तेवढीच ओवी आहे: 'येशू रडला.'

"ताई, दोनच शब्द?" नाथाने विचारलं होतं.

"पुरतात," मंगलाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, कादंबऱ्या खुशाल वाचा. माझा त्या कादंबरीवर राग नाही. आपण कादंबरी आहोत हे तिने मुखपृष्ठावरच छापलं होतं. फक्त तिच्यातलं वाक्य माझ्या नावावर खपवून कुणाच्या दुःखावर ठेवण्याआधी मला एकदा उघडून बघा. आणि लाईटबिलाला दुसरी जागा शोधा. योहानाचं ते पान भिजून असं फुगलंय की मी आता पूर्ण मिटत नाही.

बरंच झालं.