बाकाच्या टोकाला एल्सन

संध्याकाळी साडेपाचला माझ्या घरामागच्या अरुंद गल्लीत एक आवाज सुरू होई. ठप्प. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठप्प. गल्लीच्या टोकाला विटांच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या गादीत चेंडू शिरल्याचा तो आवाज. दोन आवाजांमधल्या रिकाम्या वेळात फक्त पावलं ऐकू येत, गादीपर्यंत जाणारी, चेंडू उचलून परतणारी, जागेवर येऊन थांबणारी. हार्लेम या डच गावाचा एप्रिल मोठा लबाड असतो. उन्हाला रंग असतो, ऊब नसते, आणि समुद्रावरून येणारा वारा लोकरीच्या टोपीतूनही माणसाचे कान बरोबर शोधून काढतो. अशा वाऱ्यात एल्सन अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उभा राहून उजव्या हाताच्या बोटांवर फुंकर घालीत असे. त्या वेळी माझी ऑफिसची शेवटची मीटिंग चालू असे. आवाज सुरू झाला की मी माइक बंद करी आणि खिडकीपाशी जाऊन उभा राही.

एल्सन माझा शेजारी. पेशाने बेसबॉलमधला पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. या देशात त्या खेळाला हॉन्कबॉल म्हणतात, आणि आमच्या गावाला त्याचं वेड आहे. जन्म क्युरासाओचा, कॅरिबियन समुद्रातल्या एका डच बेटावरचा. सतराव्या वर्षी एक बॅग घेऊन त्याने घर सोडलं, आणि पुढची बावीस वर्षं त्या बॅगेला कुठलंच कपाट मानवलं नाही. आधी अमेरिकेतली लहान लहान गावं, जिथल्या संघातला प्रत्येक जण मोठ्या संघाच्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलेला असतो. मग मेक्सिको, तैवान, इटलीतला एक उन्हाळा, आणि शेवटी आमचं हे गाव. मोठ्या संघाचं बोलावणं एकदा आलंही होतं, अकरा दिवसांसाठी. त्या अकरा दिवसांत त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. नंतर ज्याच्या जागी बोलावलं होतं त्याचा हात बरा झाला आणि एल्सनला परत धाडलं. ही हकीकत तो गल्लीतल्या मांजराविषयी सांगावं इतक्या सहज सांगे, आणि ऐकणाऱ्याचाच जीव उगाच कासावीस होई.

खेळात त्याचं काम मधल्या गोलंदाजाचं. सामना सुरू करणारा वेगळा, संपवणारा वेगळा, आणि मधे कुणी घोटाळा करून ठेवला की तो निस्तरायला एल्सन. मैदानाच्या कडेला कुंपणाआड एक जागा असते, तिथे हे लोक बसून राहतात. तिथला फोन वाजला की उठायचं, हात गरम करायचा, आणि बहुतेक वेळा ‘राहू दे’ असा निरोप आला की पुन्हा बसायचं. दुसऱ्याने सांडलेलं पुसण्यात आणि न आलेल्या हाकेसाठी सज्ज राहण्यात त्याची उमर गेली. त्यामुळे निवांत बसलेला एल्सन मी कधी पाहिलाच नाही. तो बसे, पण त्याचा गुडघा बसत नसे. माझ्या सोफ्यावर चहा पितानाही त्याचे कान कुठे तरी दूर लागलेले असत, आणि शेजाऱ्यांच्या घरात फोन वाजला तरी त्याचा खांदा हलायचा.

मला हे सगळं लवकर ओळखू आलं, कारण त्याच जातीचा एक गुडघा माझ्यापाशीही होता. साताऱ्याहून मी एनस्खेडेला शिकायला आलो, नोकरीसाठी अ‍ॅमस्टेलव्हीनला गेलो, भाडं परवडेना म्हणून हार्लेमला आलो. नोकरी गेली तर इथे राहण्याचा परवानाही जाणार, या धास्तीने पहिली कित्येक वर्षं मी भिंतीला खिळासुद्धा ठोकला नव्हता. इथे शेजाऱ्याला बूरमन म्हणतात. तो मला बूरमन म्हणे, मी त्याला बूरमन म्हणे, आणि त्याच्या डचमध्ये नि माझ्या इंग्रजीत आमच्या गप्पा रंगत. आईने पाठवलेला चिवडा त्याला फार आवडायचा. एका हाताने चिवडा खाताना दुसऱ्या हाताचा अंगठा चेंडूच्या लाल शिवणीवरून हळूहळू फिरत राही. त्या चेंडूला एकशे आठ टाके असतात, हे त्यानेच मला सांगितलं. जपमाळेत मणीही तितकेच असतात, असं मी सांगितलं तेव्हा तो नुसता हसला. त्याला त्यात नवल वाटलं नाही.

त्याच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला टाक्यांचा एक लांब वण होता. तरुणपणी तिथला बंध तुटला, तेव्हा डॉक्टरांनी मनगटातला दोरासारखा एक स्नायुबंध काढून कोपरात ओवला. उसन्या दोऱ्याने शिवलेल्या त्या हाताने त्याने पुढची पंधरा वर्षं काढली. परंतु एकोणचाळिसाव्या वर्षी शरीर हिशेब मागू लागतं. त्या उन्हाळ्यात, लिंडनच्या झाडांच्या फुलांचा मधासारखा वास गल्लीत भरला होता तेव्हा, दोन आवाजांमधलं अंतर वाढत चालल्याचं मला खिडकीतून कळत होतं. तो परत येताना मधेच थांबे, हात खाली सोडून झटकी, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून खिडक्यांकडे बघे. मी पडद्यामागे सरके. विचारायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी करायलाही एक धीटपणा लागतो, तो माझ्यात कमीच.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तो दार न वाजवताच आत आला. हंगामाचा शेवटचा सामना कोचने त्याला दिला होता, पहिल्या चेंडूपासून. एवढी वर्षं झिजलेल्या माणसाला निरोपाची ती भेट होती, हे आम्हा दोघांनाही समजत होतं.

“मी एकही सामना सुरू करून संपवलेला नाही, बूरमन,” तो म्हणाला. “एकदाच हवाय. पहिला चेंडू माझा, शेवटचाही माझा. मधे फोन वाजायला नको.”

त्याचा गुडघा तेव्हा इतका हलत होता की टेबलावरच्या कपातला चहा डचमळत होता. मी म्हटलं, “मी येतो बघायला.” आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या खेळासाठी मी देवापुढे दिवा लावून निघालो, हे त्याला सांगितलं नाही.

त्या दुपारी आभाळ निवळलेलं होतं आणि तिरप्या उन्हात मैदानाची माती दालचिनीच्या रंगाची दिसत होती. एल्सन मधल्या उंचवट्यावर उभा राहिला आणि त्याचं सारं अंग शांत झालं. तो गुडघासुद्धा. एवढा स्वस्थ मी त्याला घरात कधी पाहिला नव्हता. डावा पाय उचलताना तो क्षणभर असा थबके की वाटावं, हा माणूस आता चेंडू टाकणारच नाही, आणि तेवढ्यात चेंडू पोचलेलाही असे. एक डाव गेला, दोन गेले, चार गेले. समोरच्या फलंदाजांचे फटके हवेत उडून झेलात जात किंवा लोळत एखाद्या हातात सापडत, पण एकालाही धड हिट मिळेना, म्हणजे फटका मारून पहिल्या तळापर्यंत सुखरूप पोचता येईना. सहा डाव संपले, तीन उरले. छाती अभिमानाने इतकी भरून आली होती की जणू ते सगळं मीच केलं होतं.

तेव्हा माझी नजर त्यांच्या बाकावर गेली. त्याचा संघ फलंदाजी करत होता, आणि एल्सन बाकाच्या अगदी टोकाला बसला होता, हातावर जाकीट घेऊन. त्याच्या शेजारी चार माणसांची जागा रिकामी. पलीकडे सगळे खांद्याला खांदा लावून दाटीने बसलेले, पण त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. पाण्याची बाटली द्यायला आलेल्याने ती लांबूनच ठेवली आणि पाठ फिरवली. गुडघा पुन्हा हलू लागला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याला वाळीत टाकलंय! आमच्याकडे एकटा बसलेला माणूस दिसला की आपण उठून त्याच्याशेजारी जाऊन बसतो, त्याला काही विचारावं लागत नाही. मी चिवड्याचा डबा उचलला, पायऱ्या उतरलो, कुंपणाच्या फटीतून हात घातला, आणि त्या बाकावरच्या एकूण एक माणसाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने बोललो.

“शाब्बास, बूरमन! सहा डाव झाले, एकालाही हिट मिळाली नाही!”

बाकावरची कुजबुज तिथेच तुटली. एकाने टोपी तोंडावर ओढून घेतली. कोचने डोळे मिटले. एल्सन माझ्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ काही बोलण्यासाठी उघडल्यासारखे वाटले, पण त्याने डब्यात हात घालून मूठभर चिवडा घेतला आणि सावकाश चावला.

“आज तिखट आहे,” तो म्हणाला.

जागेवर परतलो तेव्हा शेजारच्या डच आजोबांनी मला हळूच सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. पिचरने एकालाही हिट दिलेली नसली की सामना संपेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नसतं, त्याच्या जवळ बसायचं नसतं, आणि ती गोष्ट तर तोंडातून काढायचीच नसते. काढली की मोडते. ते वाळीत टाकणं नव्हतं, ती राखण होती. ज्या घरात तीट लावल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर नेत नाहीत, काम फत्ते होईतो त्याचा उच्चार करू देत नाहीत, त्या घरातला मी. जगातल्या सगळ्या लोकांमध्ये मला तरी हे कळायला हवं होतं.

सातव्या डावात पहिल्याच फलंदाजाची बॅट चेंडूला ओझरती लागली. फटका कसला, नुसता एक अर्धवट उडालेला चेंडू, दोन खेळाडूंच्या मधे गवतावर अलगद पडला. हिट. पुढच्याला एल्सनने चार चेंडू बाहेर टाकून फुकट पहिल्या तळावर पाठवलं. मग कोच संथ पावलांनी मधोमध गेला आणि उरलेला सामना दुसऱ्याला द्यायचा म्हणून चेंडू मागायला त्याने हात पुढे केला. बावीस वर्षं एल्सनने दुसऱ्याच्या हातून निघालेला चेंडू घेतला होता. त्या दिवशी त्याने स्वतःचा कोचच्या तळहातावर ठेवला. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मला हात उचलवेना. बाकाकडे जाताना त्याने माझ्या दिशेने पाहिलं नाही.

पुढे तीन दिवस गल्ली मुकी होती. साडेपाच वाजत आणि गादी नुसती भिंतीला टेकून असे. मी दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो, तिसऱ्यांदा घंटी वाजवली. त्याचा हात गळ्यातल्या झोळीत होता. तोंडपाठ केलेली माफी मी एका दमात म्हणून टाकली.

“सहाव्या डावातच कोपर गेलं होतं,” तो म्हणाला. “करंगळी बधिर झाली होती. चेंडू हातात आहे की नाही, तेच कळत नव्हतं.”

“मग कुणाला सांगितलं का नाहीस?”

“कुणाला? माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं.” त्याने झोळी सावरली. “तू आलास तेव्हा तुला सांगणार होतो, बूरमन. पण तू इतका खुशीत होतास.”

हे खरं होतं की माझं मन राखायला रचलेलं होतं, मला माहीत नाही. त्याने दुसऱ्याचे घोटाळे आयुष्यभर निस्तरले होते, माझाही एक निस्तरला असेल. मला रडू आलं आणि त्याच्यासमोर मी ते लपवलं नाही. त्याने धड हाताने माझ्यासाठी चहा केला, फार गोड केला.

ऑक्टोबरात तो बेटावर परत गेला, एका शाळेत खेळ शिकवायला. त्याच्या पॅसेजमध्ये कायम उभी असणारी ती बॅग गेली, गादी पालिकेच्या गाडीने नेली. गादी होती तिथल्या विटा भोवतालच्या विटांपेक्षा उजळ दिसतात, पण दर पावसागणिक तो फरक पुसट होतो आहे. माझा परवाना आता कायमचा झाला आहे आणि भिंतीला खिळेही ठोकलेत. तरीही साडेपाचला माझा हात आपोआप माइक बंद करतो आणि मी खिडकीपाशी जातो. आवाज येत नाही. दोन आवाजांमधला तो रिकामा वेळ मात्र अजून चालूच आहे. गेलेल्या माणसाचं आपल्यापाशी बहुधा एवढंच उरतं. त्या वेळात मी रोज त्या बाकाच्या टोकाशी जातो, डबा पुढे करतो, आणि शाबासकी तोंडातच ठेवून आधी विचारतो, “एल्सन, हात कसा आहे?”