भिंतीपलीकडची नदीन

केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या गावात चोऱ्या वाढल्या, तेव्हा सत्तरीची ओपल स्टिडम नवऱ्याच्या जुन्या बंदुकीसाठी काडतुसं घ्यायला आमच्या बंदुकांच्या दुकानात आली. सोबत धाकटी बहीण नदीन होती. ती विधवा झाल्यावर नुकतीच ओपलकडे राहायला आली होती.

“सगळ्यात जबर असतील ती दे,” ओपल माझ्या नवऱ्याला, लॉयडला म्हणाली.

“ओपलताई, घरात शिरलेल्या चोरावर बंदूक झाडलीत, तर त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे काय आहे?” लॉयडने विचारलं.

“नदीनची खोली. का रे?”

लॉयड आम्हा सगळ्यांना मागच्या मैदानात घेऊन गेला. आमच्याकडच्या घरांच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी असतात तसले चार पातळ बोर्ड त्याने एकामागे एक उभे केले आणि त्यांवर दोन काडतुसं झाडली. पहिल्या काडतुसातल्या मोठ्या छर्र्यांनी चारही फोडले. दुसऱ्यातले बारीक छर्रे तिसऱ्या बोर्डात अडकले.

“मग बारीकच दे,” ओपल म्हणाली.

“त्यांनी धिप्पाड माणूस थांबेलच असं नाही,” लॉयड म्हणाला. “आणि एक भिंत तेही फोडतात.”

“म्हणजे काहीही घेतलं तरी चोराआधी मीच जाणार,” नदीन म्हणाली.

ओपलने मोठ्या छर्र्यांचीच, पण खांद्याला कमी झटका देणारी काडतुसं घेतली आणि म्हणाली, “नदीन, तुझा पलंग आजच माझ्या खोलीत आणू.”

“मी घोरते.”

“लहानपणापासून ऐकतेय मी.”

संध्याकाळी पलंग सरकवायला मी गेले. काम झाल्यावर दोघी आपापल्या पलंगावर बसून मक्याची भाकरी खात, भांडत, मजेत गप्पा मारत होत्या.