रादोयकाच्या हातातला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. जन्मलो व्हिएन्नाच्या एका कारखान्यात आणि उमेदीची वर्षे काढली तिथल्याच एका सर्बियन खानावळीच्या तळघरात.

रादोयका आठवडाभर इस्पितळातल्या चादरी धुवायची आणि रविवारी माझ्यासमोर गायची. तिच्या चढ्या सुराला मी कधी कुरकुरलो नाही. गावाकडची गाणी ऐकताना बांधकामावरचे राकट गडी डोळे पुसत आणि "आमची रादा!" म्हणत. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडला तिच्या गाण्यांची पहिली तबकडी निघणार होती.

एका रविवारी दुपारी तिथे लग्नाचे जेवण होते. शंभरावर माणसे आणि वर जायला एकच अरुंद जिना. गाता गाता रादोयका थबकली. मंचाच्या पडद्यामागून धूर येत होता.

तिने मला मुठीत झाकले. "ल्युबा, आग!" ती अकॉर्डियनवाल्याच्या कानात पुटपुटली.

"ओरड की मग!"

"ओरडले तर जिन्यात चेंगरून मरतील. तू वाजवत वर चल. कोलो धर."

हातात हात गुंफून साखळीने नाचायचे ते कोलो सगळ्यांच्या अंगात भिनलेले. रादोयकाने मला ओठांशी धरले. "नवरी पुढे! आज कोलो अंगणात! जो बसून राहील तो बायकोला भितो!"

हशा पिकला. साखळी नाचत जिना चढू लागली. म्हातारे मिलुतिनकाका मात्र हलेनात.

"माझं सूप गार होईल."

"सूप मी गरम करून देते, काका. उठा! की गुडघे गावीच विसरून आलात?"

काका चवताळून उठले.

माझी वायर आखूड होती. मंच सोडला असता तर गाणे तुटले असते आणि सगळ्यांनी मागे वळून पाहिले असते. म्हणून ती तिथेच उभी राहिली. शेवटची माणसे जिन्याशी पोचली आणि पडदा भडकला. तिच्या घशात धूर शिरत होता, ते मला श्वासाश्वासाला कळत होते. तरी सूर मोडला नाही. काका जिन्यावर दिसेनासे झाले, तेव्हा कुठे तिने माझी वायर उपटली आणि मला घेऊन ती धावली.

सगळे वाचले. तिचा वरचा सूर मात्र कायमचा गेला. तबकडी निघालीच नाही.

वर्षभर मंडळी फुले आणत राहिली. मग नव्या गायिका आल्या, नवे माइक आले. मी खानावळीच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर पडलो. रादोयका अजूनही बारशाला गाते, खालच्या, खरखरीत आवाजात. कुणीतरी हटकून म्हणतेच, "रादा, पूर्वीसारखं गा ना!" ती नुसती पाणी पिते.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणाचा गळा झिजला असेल, तर त्याच्याकडे जुना सूर मागू नका. खुर्ची जवळ ओढा आणि तो आज जे गातो आहे, ते ऐका.