मुठीत बसणारं शिंग

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्या डोंगरात चकमकीच्या बंदुकीने हरणं मारायचा हंगाम उघडतो. माझ्या नवऱ्याचा, इर्विनचा, यंदाचा बेचाळिसावा. वर्षभरात त्याचा उजवा हात थरथरायला लागलाय, कॉफीचा कप बशीवर वाजत राहतो. तरी गडी रानात जाणारच, हीच मला धास्ती होती.

त्यांच्या घरचा एक नियम आहे. बंदुकीत ठिणगी पाडणाऱ्या गारगोटीला धार ज्याने लावली, रानातला बार त्यानेच काढायचा. म्हणून कुंपणावरचे डबे मी इर्विनपेक्षा सरस उडवत असले, तरी रानात जाताना बंदूक कायम त्याच्या खांद्यावर. यंदा सासऱ्यांच्या पितळी हातोडीने धार लावता लावता त्याने तीन गारगोट्या फोडल्या, चौथी खिशात टाकली आणि मला म्हणाला, "चल, ड्वाईटच्या दुकानात."

बंदुकांचं दुकान चालवणारा ड्वाईट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने गल्ल्याच्या काचेवर धार लावायची सगळी हत्यारं मांडली.

"ही कानस घे," तो म्हणाला.

"पोलाद? गारगोटीवर ठिणगी उडवून मिशा जाळू का?"

"तुझ्या मिशांची कुणाला पडलीय!"

मग इर्विनने एक छोटी हातोडी उचलली आणि माझ्या हातात दिली. "धर जरा, व्हर्ना." मी धरली. "जड आहे," तोच म्हणाला. मग तांब्याची कांडी दिली. "जाड आहे."

"मी काय खुंटी आहे, जे येईल ते अडकवायला?" मी वैतागून म्हणाले. गाडीत दूध गोठत होतं, आणि हा आपला निवांत.

शेवटी लाकडी मुठीत बसवलेलं हरणाच्या शिंगाचं टोक त्याने मला दिलं. माझी बोटं त्याभोवती नीट मिटली का, ते वाकून पाहिलं. "ड्वाईट, हेच बांध."

घरी आल्यावर त्याने बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली. ती रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, खिशातली चौथी गारगोटी घोड्याच्या जबड्यात आवळली, ठिणगी झेलणारी रंजकाची वाटी पुसली, आणि वाटीतून नळीत जाणाऱ्या भोकात, बंदुकीच्या कानात, टर्कीच्या पिसाची दांडी खोचली. एवढ्याला त्याला पाव तास लागला. मी मदत केली नाही, कारण केलेली चालत नाही. मग कपच्या उडतात म्हणून त्याने माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि शिंग माझ्यासमोर सरकवलं.

"लाव धार."

"मी? अरे, मग नियमाप्रमाणे..."

"नियम मला शिकवू नकोस. टोक धारेवर टेकव, खाली दाब. ठोकायचं नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानात तो तासभर माझाच हात मापत होता, आणि मी त्याच्यावर खेकसत होते. मला रडूच आलं. चष्म्यामुळे ते पुसताही येईना.

मी दाबलं. खालून नखाएवढी कपची निघाली. दुसरी, तिसरी. मग त्याने चाप ओढायला सांगितलं आणि रिकाम्या वाटीत ठिणग्यांचा सडा पडला.

इर्विनने बंदूक माझ्याकडे सरकवली. त्याचा हात टेबलावर थरथरत होता. त्याने तो लपवला नाही.

"मी मागून चालेन," तो म्हणाला. "कॉफीचा थर्मास माझ्याकडे. पण माझा कप अर्धाच भर."