रिकामी नाळेची डबी

सासूबाईंना परक्या माणसाने घरातली भांडी बघितलेलीही खपत नाहीत, आणि त्या सकाळी मिझोगामी डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे चक्क नाळ मागत होत्या. माझ्या लेकीची, साचिएची.

"नाळ म्हणजे काय बोय मासा आहे, टोपली घेऊन दारोदार फिरायला?" सासूबाई म्हणाल्या.

आमच्या ह्या खाडीकाठच्या गावात सुईण वाळलेली नाळ कापसात गुंडाळून लाकडी डबीत घालून देते. वर पोराचं नाव. लेकीच्या लग्नात ती डबी तिच्या हातात द्यायची. साचिए सहा वर्षांची झाली, अजून मान धरत नाही. लग्नाचं नावच नको.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "कारखान्याचं पाऱ्याचं पाणी खाडीत येतं आजी, त्यातून माशांत. नाळेत पारा निघाला, तर पोरीचा आजार माशांतून आला असं धरता येईल."

"आणि नाही निघाला तर?" मी विचारलं.

"तर तुझ्या माहेरातून," सासूबाई फटकन म्हणाल्या. "आमच्या घराण्यात असं पोर निपजलं नाही कधी."

सहा वर्षं हे ऐकत आले होते. पण आता मला सातवा महिना होता आणि भीतीने माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. माशांचं असेल तर खाणं थांबवता येईल. रक्तातलंच असेल तर काय थांबवणार? मी उठले आणि देवघराखालचा खण ओढला.

"कियो, हात लावू नकोस." सासूबाईंनी माझी बाही धरली.

मी डबी उघडली. आत नुसता कापूस होता.

सासूबाईंनी माझी बाही सोडली. "तिला झटके यायचे तेव्हा," त्या म्हणाल्या. "तू ताप येऊन पडली होतीस. मी उकळून पाजली."

मला राग आला नाही. जिवावर बेतलं की पोराची नाळ उकळून पोरालाच पाजायची, हे इथल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असतं. माझ्या आईनेही तेच केलं असतं.

"तेवढ्याशा तुकड्याने काही झालं नसणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाण्यात उकळलीत?"

"बोयीच्या सारात. नुसतं पाणी तिच्या घशाखाली उतरत नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं आणि तसंच सोडलं.

मी पोटावर हात ठेवला. "मग ह्याचं कसं कळणार? शहरातले मोठे डॉक्टर म्हणतात, पोटातली वार पोराला राखते, विष पुढे जाऊ देत नाही."

"मीही तसंच शिकले होते. तुमचे हात बधिर होतात? तोल जातो?"

"नाही. मी ठणठणीत आहे."

"साचिएच्या वेळी?"

"तेव्हाही."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "मला वाटतं, आईच्या वाट्याचं विष पोरच ओढून घेत असावं. अजून नक्की माहीत नाही. पारा केसांत उतरतो, तुमचे थोडे केस देऊन ठेवा. बाळाचं मात्र त्याची नाळ हातात आल्यावरच कळेल. आणि आजपासून मासे बंद."

दुपारी सासूबाईंनी सवयीने माझ्यापुढे बोयीच्या साराची वाटी ठेवली. गर्भारणीचा वाटा आधी, दोन जिवांचं खा, हे त्यांचं रोजचंच. वाटी ठेवली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. इतके महिने रोज एक वाटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली होती आणि मी ती चाटूनपुसून खाल्ली होती. त्या वाटी उचलून अंगणात गेल्या. मांजरापुढे ओतायची म्हटली तर मांजर मागच्या वर्षीच खाडीतले मासे खाऊन वेड्यासारखं गरगर नाचत मेलं होतं. त्यांनी खड्डा करून सार पुरलं.

मग मी भात आणि मुळाच तेवढा खात राहिले. सुईणीने नवी डबी आणून दिली, तेव्हा सासूबाईंनी ती माझ्याकडे सरकवली. "ह्या खेपेची त्या बाईंनाच दे. मी शिवणार नाही," एवढंच म्हणाल्या. माहेराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पोटातलं पोर छान लाथा मारायचं. पोटात असताना साचिएही मारायची.

पहिली कळ आली तेव्हा मी गुडघे घट्ट आवळून धरले. बाहेर आलं की कळणार होतं. सुईण ओरडत होती, सोड म्हणून. मग मनात आलं, जोवर हे आत आहे तोवर माझंच रक्त पितंय. मी पाय सोडले.