कुंपणाला टेकवलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे, पण मला भिंत नाही. मी उताणी झोपते. माझ्याखाली एक लाकडी पेटी असते, पेटीत काळी माती आणि मातीत भोपळ्याची कोवळी रोपं. ऊन वर आलं की मला बाजूला काढून ठेवतात, म्हणजे रोपांना वारा सोसायची सवय होते. ऊन उतरलं की मला पुन्हा त्यांच्यावर झाकतात. काम एवढंच. पण काचेच्या जन्माला आलेल्याला कुठलंही काम 'एवढंच' नसतं.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझी चौकट होड्या बांधणाऱ्या एका सुतारानं केली. लाकूड इथलंच, पार दक्षिणेच्या थंड समुद्रातल्या चिलोए बेटावरचं. काचा मात्र गवतात गुंडाळून होडीतून आल्या. चौघी निघालो होतो आणि वाटेत एक तडकली. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही, नुसतं 'टक्'. तिच्या जागी दुसरी आली, चौकट पुरी झाली, मला रंग दिला. पण तो 'टक्' माझ्यात राहिलाच. कुठे काटकी मोडली तरी माझ्या अंगातून शिरशिरी जाते.

पुढे मी एका स्वयंपाकघरात पुष्कळ वर्षं उभी होते. समोर समुद्र, पाठीशी चूल. पोरं माझ्यावरच्या वाफेत बोटानं नाकं-डोळे काढायची. आलेल्या बाया म्हणायच्या, "या खिडकीतून भरती-ओहोटी बसल्या जागी कळते, घड्याळ हवंय कशाला?" मला बरं वाटायचं. मग एक दिवस अल्युमिनियमची खिडकी आली आणि मला कोंबड्यांच्या खुराड्यामागे टेकवलं. चौकटीवर शेवाळ चढलं. एक तांबडी कोंबडी माझ्या डोक्यावर बसून काय काय करायची ते मी सांगत नाही.

तिथून मला क्लोरिंदा बार्रियानं उचललं. बुटकी, चपळ बाई, पायांत बारा महिने रबरी बूट.

"ही टाकलीय का?" तिनं विचारलं.

"ने की. नाहीतर चुलीत जाईल," घरधनी म्हणाला.

"चुलीत घालशील तर तुला घालीन," असं म्हणून तिनं मला काखेत मारलं.

तेव्हापासून मी क्लोरिंदाच्या परसात आहे. वसंत सरत आला की त्या परसात तिला दोन हात पुरत नाहीत. किनाऱ्यावरून शेवाळाच्या पाट्या आणून वाफ्यांत पसरायच्या, बटाट्यांना मातीची भर द्यायची, लसणातलं तण उपटायचं, गोगलगायी येऊ नयेत म्हणून रोपांभोवती चुलीतली राख टाकायची. आणि सगळं चंद्र बघून. जमिनीवर वाढणारं ते चढत्या चंद्रात, जमिनीखालचं ते उतरत्या चंद्रात. यात तडजोड नाही.

या वर्षी मात्र तिचा सगळा जीव माझ्याखालच्या पेटीत होता. हा भोपळा म्हणजे निळसर राखी सालीचा, हिवाळाभर टिकणारा. बी तिच्या सासूकडून आलेलं. गेल्या हिवाळ्यात उंदरांनी बियांची पिशवी फोडली, मूठभर दाणे उरले आणि तेच तिनं पेरले. तिनं नणंदेकडे, ओतिलियाकडे धाव घेतली होती.

"वन्सं, तुम्हाला मी गेल्या वर्षी भोपळे दिले होते. बी ठेवलंय ना?"

"डुकरांना घातलं गं. मला काय माहीत, तुझ्याकडे उंदीर पाहुणे येणार आहेत ते!"

"मग पुढच्या वर्षी डुकरांनाच वाफ्यात लावते," क्लोरिंदा म्हणाली खरी, पण घरी आल्यावर बराच वेळ पेटीजवळ बसून राहिली. मुलूखभर विचारून झालं होतं. हे बी आणखी कुणाकडेच नव्हतं. ही रोपं गेली की तो भोपळा संपला.

आता त्या दिवसाचं सांगते.

आमच्याकडे घर बदलायचं म्हणजे घरच सोबत न्यायचं. गाव गोळा होतं, घराखाली ओंडके सरकवतात, बैल जुंपतात आणि अख्खं लाकडी घर ओढत नेतात. त्या दिवशी एलेउतेरियो चिग्वायचं घर टेकडीवरून किनाऱ्याला जायचं होतं. घर ओढताना हादरतं, म्हणून खिडक्या आधी काढतात. त्या ठेवायच्या कुठे? तर सगळ्यांत जवळच्या कुंपणाला. म्हणजे आमच्याच.

सकाळी क्लोरिंदानं मला रोजच्यासारखं पेटीवरून काढून कुंपणाला टेकवलं आणि ती गावच्या जेवणाचा स्वयंपाक करायला किनाऱ्याकडे गेली. मागून माणसं आली आणि एलेउतेरियोच्या खिडक्या माझ्या शेजारी ओळीनं लावून गेली. मग शिट्ट्या झाल्या, आरोळ्या झाल्या, आणि ते घर बैलांमागे डुलत उतरणीला लागलं. रिकाम्या भोकांतून आरपार आभाळ दिसत होतं. मला बघवेना.

दुपार कलली तशी दोन गडी गाडी घेऊन खिडक्या न्यायला आले.

"ही पण घ्यायची?"

"कुंपणाला आहे म्हणजे त्याचीच की."

"फार मळकी आहे रे."

"बायको गेल्यापासून त्या घरात फडकं कुणी मारलंय?"

आणि त्यांनी मला उचललं. मित्रांनो, खिडकीला तोंड असतं तर मी किंचाळले असते. गाडी खड्ड्यांतून आपटत निघाली. मागे पेटी उघडी राहिली, रोपं उन्हात पानं पसरून बसलेली. आणि वर काय चाललं होतं ते माझ्याइतकं कुणाला कळणार? मी वर्षानुवर्षं आभाळाकडे तोंड करून झोपलेली. पावसाळी उत्तरेचा वारा पडला होता. आमच्याकडे थंडी आणतो तो दक्षिणेचा सुटला होता, कोरडा आणि बोचरा. ढग एकेक करून निघून चालले होते.

"काय मोकळं झालंय बघ! नशीब आहे एलेउतेरियोचं," गाडीवान म्हणाला.

वसंताच्या शेवटी आभाळ असं निवळलं की पहाटे दव गोठतं. आणि गोठलेल्या दवानं कोवळी रोपं जळतात.

किनाऱ्यावर मोठाल्या हंड्यांतून मांस-बटाटे रटरटत होते, कुणी अकॉर्डियन वाजवत होतं. एलेउतेरियो नव्या जागी टेकलेल्या घराला एकेक खिडकी बसवत होता. माझी पाळी आली. त्यानं मला स्वयंपाकघराच्या भोकाला लावलं. मी बसेना.

"वाटेत घर आखडलं की काय?" तो म्हणाला.

"घर नाही आखडलं, तू फुगलायस. सकाळपासून कितवा पेला?" खालून कुणी तरी ओरडलं.

"थांबा, थोडी तासतो हिला." आणि त्यानं रंधा घेतला.

रंधा माझ्या कडेला टेकला. थंडगार पातं. मला एकाच वेळी दोन मरणं दिसत होती. एक माझं, इथं, आणि एक तिकडे, टेकडीवर, उघड्या पेटीत.

तेवढ्यात क्लोरिंदा त्याच्यासाठी जेवणाची थाळी घेऊन आली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोपऱ्यात एक गोगलगाय चिकटली होती आणि चौकटीच्या खोबणीत राख बसली होती.

"एलेउतेरियो! रंधा खाली ठेव!"

"का गं ताई?"

"ती माझी आहे."

"तुझी खिडकी माझ्या घरात कशी येईल?"

"खिडकी नाही रे बाबा, पांघरूण आहे ते! माझ्या रोपांचं!" ती म्हणाली आणि मग तिनं वर पाहिलं. आभाळ कडेपर्यंत स्वच्छ, हिरवट झालं होतं. थाळी तिनं एलेउतेरियोच्या हातात कोंबली.

"घोडा घेऊन जा," एलेउतेरियो म्हणाला. त्याची नशा उतरली होती.

"घोड्यावर काच नेऊ?"

"वहिनी, मी येते बरोबर," ओतिलिया बाह्या वर सारत म्हणाली.

"तुम्ही हंडा बघा वन्सं. करपला तर गाव मला वर्षभर ऐकवेल."

तिनं मला छातीशी धरलं आणि चढण चढायला लागली. तिचं काळीज माझ्या काचेवर धडधडत होतं. रान लागलं. उजेड पानांमागे सरकत होता. वळणावर पोचलो आणि चुकाओ पक्षी ओरडला.

डावीकडून.

आमच्याकडे चुकाओ उजवीकडून ओरडला की काम होतं, आणि डावीकडून ओरडला की माणूस तिथूनच माघारी फिरतो. क्लोरिंदा तर लग्नाच्या दिवशीसुद्धा एकदा फिरली होती म्हणतात. ती जागच्या जागी थिजली. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही फिरणार.

"मेल्या," ती कुजबुजली, "आजच का रे?"

आणि ती खरंच फिरली. तोंड किनाऱ्याकडे, पाठ टेकडीकडे. मग तशीच मागे मागे चालू लागली, पाठमोरी, चढणीवर.

"आता कुठून ओरडतोस?" तिनं रानाला विचारलं. "उजवीकडून. झालं तर."

देवा! मुळं, चिखल, निसरडी पानं, आणि ही बाई मला उराशी धरून उलटी चालतेय. प्रत्येक पावलाला मी पडत होते. आणि एका पावलाला पडलेच. तिची टाच मुळात अडकली, ती बसकण मारून आपटली आणि माझ्यात आवाज झाला.

टक्.

तिनं बोट फिरवून पाहिलं. खालची एक काच आडवी तडकली होती. पण चौकटीत होती.

"तुझी काच गेली, माझं ढोपर गेलं," ती म्हणाली. "चल."

वळण मागे पडलं तशी ती सरळ चालू लागली, लंगडत. परसात पोचलो तेव्हा संधिप्रकाशाची कड उरली होती. रोपांनी पानं खाली सोडली होती. तिनं मला पेटीवर ठेवलं, तडकलेल्या जागेवर अंगावरची लोकरी शाल दुमडून घातली आणि चारी बाजूंनी वाळलं शेवाळ दाबलं. एवढं करून ती थंडीत कुडकुडत उभी राहिली. आणखी काही करण्यासारखं नव्हतं.

त्या रात्रीबद्दल मी जास्त सांगणार नाही. थंडी माझ्या काचांवर सुया टोचत चढली. तड्यातून गारठ्याची एक बारीक धार खाली गेली. मला ती जाताना कळत होती आणि अडवता येत नव्हती.

उजाडलं तेव्हा परस पांढरं होतं. बटाट्यांचे शेंडे काळे पडले होते. क्लोरिंदा आली, शाल काढली आणि माझ्या कडेवर हात ठेवून तशीच उभी राहिली. ओतिलिया धापा टाकत चढण चढून आली.

"उघड की वहिनी."

"तुम्ही उघडा वन्सं. माझा हात होत नाही."

ओतिलियानं मला उचललं. तड्याखालचं रोप काळं होऊन मातीला चिकटलं होतं. क्लोरिंदानं तेवढंच पाहिलं आणि डोळे मिटले.

"अगं, बाकीची बघ! उभी आहेत सगळी!"

होती. प्रत्येक पानाच्या टोकाला एक थेंब घेऊन उभी होती. क्लोरिंदा वाफ्याच्या कडेला खाली बसली, ओल्या मातीतच, आणि पहिल्यांदा रडली. मग नाक पुसून म्हणाली, "एक तुम्ही न्यायचं. एक एलेउतेरियोला, त्याच्या नव्या परसात. एक वरच्या आळीत. पुन्हा सगळं एका पेटीत ठेवायचं नाही."

मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी आहे. कुणाच्या कुंपणाला काही टेकवलेलं दिसलं, मग ते कितीही जुनं-मळकं असो, तर उचलण्याआधी एक हाक मारा. टाकलेलं वाटतं ते कुणाचं तरी पांघरूण असतं. आणि तुमच्याकडे कोवळं काही असेल तर ऊन अंगणात असतानाच झाका. आभाळ फार सुंदर दिसत असेल तर जरा आधीच झाका.

चंद्र चढता आहे. उद्या ती रोपं पेटीतून निघून वाफ्यात जातील, उघड्यावर. मला सगळ्यात जास्त भीती त्याच रात्रीची वाटते. मी त्यांना झाकू शकणार नाही. क्लोरिंदानं मला वाफ्याच्या बाजूला उभं करून ठेवायचं ठरवलंय. तिथून मला सगळी दिसतील. मी रात्रभर बघत राहीन.